हिरवळीचा फोटो पाहून खाण बंद झाल्याचा शिक्का मारू नका

प्रति,
खाणी बंद करण्याचे आराखडे मंजूर करणारे आणि कारखान्यांच्या टाकाऊ पदार्थांना परवाने देणारे सर्व अधिकारी

सादर नमस्कार.

तुमच्यापुढे दोन प्रकारच्या फायली येतात. एका फायलीत एखादी खाण विचारते, की खनिज काढून घेतल्यावर उरलेल्या टेलिंग्जच्या ढिगाऱ्यांचे आम्ही काय करावे. दुसऱ्या फायलीत एखादा कागद कारखाना, साखर कारखाना किंवा औष्णिक वीजकेंद्र विचारते, की आमचा गाळ, आमची राख, आमचा वापरून झालेला चुना कुठे टाकावा. दोन्ही अर्जांचे नियम वेगळे, टेबले वेगळी, मुदतीही वेगळ्या. हे दोन्ही अर्ज शेजारी ठेवून वाचा, हे सांगण्यासाठी मी लिहितो आहे. आणि आज वाचता त्यापेक्षा कठोरपणे वाचा, हेही सांगायचे आहे. कारण या कामात जेवढी आशा आहे तेवढ्याच पळवाटाही आहेत.

मी माती आणि वनस्पतींचा अभ्यास करणारा माणूस आहे. खाणकाम असावे की नसावे, हा वाद मी इथे घालत नाही. खाण होऊन गेली आहे, टेलिंग्ज साठली आहेत आणि ती आपणहून कुठे जाणार नाहीत, एवढे धरून पुढे लिहितो.

टेलिंग्ज म्हणजे काय हे तुम्हाला सांगायला नको. पण आराखड्यांच्या भाषेत ती गोष्ट फार सपाट होते, म्हणून थोडे सविस्तर. तांब्याच्या आजच्या बहुतेक मोठ्या खाणींत खनिजात तांबे १ टक्क्याहून कमी असते. सोन्याच्या खाणीत टनामागे काही ग्रॅम सोने मिळते. बाकीचा जवळजवळ सगळा खडक बारीक दळून, पाण्यात कालवून बंधाऱ्यामागे सोडला जातो. तो मातीसारखा दिसतो, पण मातीचे काम त्याच्याकडून होत नाही. सेंद्रिय कर्ब नसल्यातच जमा. नत्र नाही, आणि स्फुरद असलेच तर मुळांना घेता येईल अशा रूपात नाही. कणांना एकत्र धरून ठेवणारे काहीच नसल्यामुळे ओली असताना ही भुकटी घट्ट दबून बसते, पाणी आत मुरू देत नाही, आणि वाळली की वाऱ्याबरोबर उडते. त्या धुळीबरोबर शिसे, आर्सेनिक, कॅडमियम जवळपास राहणाऱ्यांच्या श्वासात जातात. म्हणून तिथे झाडझाडोरा उभा करणे ही सुशोभीकरणाची बाब नाही. मुळांनी भुकटी धरून ठेवली आणि पानांनी पाणी उडवून लावले, तर धूळ कमी होते आणि खाली झिरपणारे विषारी पाणीही कमी होते.

पण बी टाकले तर उगवत नाही, आणि उगवले तर टिकत नाही. गंधकयुक्त खनिजांच्या टेलिंग्जमध्ये पायराइट, म्हणजे लोह आणि गंधकाचे खनिज, असते. हवा आणि पाणी लागले की त्यातून गंधकाम्ल तयार होते. ॲसिडिथायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स नावाचा जिवाणू, ज्याला जगायला सेंद्रिय अन्न लागतच नाही, ही क्रिया कितीतरी पटींनी वेगवान करतो. सामू, म्हणजे पीएच (७ च्या खाली आम्ल, वर अल्क), ३ पर्यंत, कधी त्याच्याही खाली जातो. एवढ्या आम्लात ॲल्युमिनियम, तांबे, जस्त विरघळून मुळांपाशी येतात आणि मुळांची टोकेच मारून टाकतात. वर चार पाने दिसत असताना खाली मूळ दोन सेंटिमीटरवर थांबलेले असते. हे उपटून पाहिल्याशिवाय कळत नाही, आणि पाहणी अहवालांत उपटून पाहिल्याची नोंद सहसा नसते.

यावरचा नेहमीचा उपाय म्हणजे दुसरीकडून चांगली माती आणून वर पसरणे. हा उपाय तुम्ही वर्षानुवर्षे मंजूर करत आला आहात. त्याचा हिशेब एकदा मांडू या. १०० हेक्टरच्या टेलिंग्ज तलावावर ३० सेंटिमीटरचा थर द्यायचा, तर ३ लाख घनमीटर माती लागते. ही माती कुठल्यातरी शेतातून, कुरणातून किंवा जंगलातून खरवडूनच आणावी लागते. एक जागा भरून काढण्यासाठी दुसरी उघडी पाडायची. जी सुपीक माती तयार व्हायला शेकडो, कधी हजारो वर्षे लागतात, ती विषारी भुकटीवर पांघरूण म्हणून घालायची. मला हे पटत नाही. शिवाय मध्ये भरड खडकाचा थर नसेल, तर खालचे क्षार आणि आम्ल केशाकर्षणाने वर चढतात आणि आणलेली मातीही नासते.

म्हणूनच मी कारखान्यांच्या दुसऱ्या फायलीकडे बोट दाखवतो. टेलिंग्जमध्ये जे नाही, ते यातल्या बऱ्याच कारखान्यांना नकोसे झालेले असते.

आधी चुना घ्या. टेलिंग्जमध्ये पायराइटच्या रूपात फक्त १ टक्का गंधक असेल, तरी त्यातून निघणारे सगळे आम्ल मारायला टनामागे सुमारे ३१ किलो शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट लागते. १ हेक्टरवरचा १५ सेंटिमीटरचा थर साधारण २,२५० टन भरतो. म्हणजे हेक्टरी ७० टन चुनखडी, तीही फक्त वरच्या वीतभर थरासाठी. अनेक ठिकाणी गंधक याच्या कितीतरी पट असते. एवढा चुना विकत घ्यायचा म्हणजे चुनखडीची आणखी एक टेकडी फोडायची. उलट बीटपासून साखर करणाऱ्या कारखान्यांत रस शुद्ध केल्यावर कॅल्शियम कार्बोनेटचा चिखल उरतो, कागदाच्या लगदा कारखान्यांतून चुन्याचा गाळ निघतो, पोलाद कारखान्याच्या स्लॅगमध्ये, म्हणजे धातू वितळवताना वेगळ्या होणाऱ्या मळीत, कॅल्शियम भरपूर असते.

हे नुसते कागदावर नाही. स्पेनमधील अझ्नालकोयार इथे २५ एप्रिल १९९८ रोजी टेलिंग्जचा बंधारा फुटला आणि ग्वादियामार नदीच्या काठाने हजारो हेक्टर जमीन आम्लयुक्त, धातूंनी भरलेल्या गाळाखाली गेली. गाळ उचलून नेल्यावरही जमिनीत धातू उरलेच. ते जखडून ठेवण्यासाठी जे पदार्थ वापरले, त्यांत बीटसाखर कारखान्यातला हाच चुन्याचा चिखल होता. अमेरिकेत कोलोरॅडोमधील लेडव्हिलजवळ आर्कान्सा नदीच्या काठावर टेलिंग्जचे पट्टे वर्षानुवर्षे उघडेबोडके पडले होते. तिथे सांडपाणी प्रक्रियेचा गाळ आणि चुना हे दोन्ही हेक्टरी २०० टनांहून अधिक मिसळले, तेव्हा गवत उभे राहिले. कॅनडातील ऑन्टारिओत निकेल-तांब्याच्या टेलिंग्जवर कागद कारखान्याच्या सेंद्रिय गाळाचे जाड थर देऊन मका, कॅनोला, स्विचग्रास अशी इंधनासाठीची पिके घेऊन पाहिली गेली. नागपूरच्या राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्थेने, म्हणजे नीरीने, मँगनीज खाणींच्या टाकाऊ खडकांच्या ढिगांवर साखर कारखान्यातील प्रेसमड (उसाचा रस गाळल्यावर उरणारा गाळ), नत्र स्थिर करणारे जिवाणू आणि मुळांना जोडून राहणारी मायकोरायझा बुरशी एकत्र वापरून झाडे वाढवली. ढीग आणि टेलिंग्ज यांत फरक आहे, हे मी विसरलेलो नाही. पण सेंद्रिय पदार्थ आणि सूक्ष्मजीव एकत्र दिल्याशिवाय निव्वळ खडकाच्या चुऱ्याची माती होत नाही, ही गोष्ट दोन्हीकडे सारखीच लागू आहे.

सेंद्रिय गाळाचे काम चुन्यापेक्षा गुंतागुंतीचे आहे आणि मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते. कागद कारखान्याच्या गाळात सेल्युलोजचे तंतू असतात. ते पाणी धरतात, भुकटीचे कण एकत्र बांधतात, कुजताना प्राणवायू वापरतात, त्यामुळे खालच्या पायराइटपर्यंत हवा कमी पोचते. धातू सेंद्रिय पदार्थांना चिकटून बसतात. पण त्या गाळात नत्र फार थोडे असते. तो तसाच टाकला तर जिवाणू कुजवण्यासाठी होते नव्हते ते नत्रही ओढून घेतात आणि रोपे पिवळी पडतात. मग अहवालात लिहिले जाते, की टाकाऊ पदार्थांचा प्रयोग फसला. प्रत्यक्षात फसलेला असतो तो मिश्रणाचा हिशेब. त्याच गाळात नत्राने समृद्ध असलेला दुसरा गाळ मिसळून कर्ब-नत्र गुणोत्तर २५ ते ३० च्या आसपास आणले, थोडे दिवस कुजवले, की तेच द्रव्य खत होते. कंपोस्ट करणाऱ्या कोणालाही हे माहीत असते. परवान्यांत मात्र एका कारखान्याचा गाळ दुसऱ्या कारखान्याच्या गाळात मिसळायला बऱ्याचदा जागाच नसते.

ॲल्युमिनियम उद्योगातल्या लाल चिखलाची अडचण याच्या अगदी उलटी असते. बॉक्साइटमधून ॲल्युमिना काढताना दाहक सोडा वापरतात, त्यामुळे उरलेल्या चिखलाचा सामू १० च्या वर असतो आणि सोडियम इतके, की कण विखरून पाणी अडून बसते. तिथे चुना उपयोगाचा नाही, जिप्सम, म्हणजे कॅल्शियम सल्फेट, हवे. त्यातले कॅल्शियम सोडियमची जागा घेते आणि मग सोडियम धुऊन निघते. वीजकेंद्रांच्या धुरातील गंधक पकडताना असे जिप्सम टनावारी तयार होते. हंगेरीत आयका इथे ४ ऑक्टोबर २०१० रोजी लाल चिखलाचा बंधारा फुटून १० माणसे गेली, तेव्हा नद्यांमधल्या पाण्याचा सामू खाली आणायलाही जिप्सम ओतावे लागले. अपघातानंतर घाईघाईने टाकण्यापेक्षा आधी शांतपणे, मोजून मिसळणे केव्हाही चांगले.

आता ज्या भागामुळे मी स्वतः अस्वस्थ आहे, तो लिहितो. कारखान्याचा टाकाऊ पदार्थ फुकट मिळतो, कधी कधी तो नेण्याचे वर पैसेही मिळतात. अशा वेळी टेलिंग्ज तलावाचे पुनरुज्जीवन या गोंडस नावाखाली हवा तेवढा कचरा तिथे रिचवायचा मोह होणारच. दोन कंपन्यांची डोकेदुखी एका खड्ड्यात मिटते, वर थोडे गवत लावले की झाले. हे होऊ देऊ नका. प्रत्येक टनाला कारण असले पाहिजे: हा पदार्थ इथे कशासाठी, एवढाच का, आणि याच्या दुप्पट टाकला तर काय बिघडेल. याची उत्तरे नसतील तर ती सुधारणा नाही, विल्हेवाट आहे, आणि तिला विल्हेवाटीचेच नियम लावावेत.

बिघडण्यासारखे बरेच काही आहे. औष्णिक वीजकेंद्राची राख टेलिंग्जची पाणी धरण्याची क्षमता सुधारते, काही राखा आम्लही मारतात. पण राखेत बोरॉन असते आणि जास्त झाले की पानांच्या कडा जळतात. शिवाय आर्सेनिक आणि सेलेनियम असते. स्लॅगमध्ये क्रोमियम, व्हॅनेडियम असू शकते. खत कारखान्यांतून येणाऱ्या फॉस्फोजिप्सममध्ये फ्लोराइड आणि रेडियम असते. सांडपाण्याच्या गाळात न विघटणारी पीएफएएस रसायने सापडू लागल्यावर अमेरिकेतील मेन राज्याने २०२२ मध्ये असा गाळ जमिनीवर पसरण्यावरच बंदी घातली. शहराचा गाळ आणि कारखान्याचा गाळ जिथे एकाच नळातून येतो, तिथे ही काळजी दुप्पट.

आणि एका रोगावरचे औषध दुसऱ्या रोगाला वाढवू शकते. चुन्याने सामू वाढला की शिसे, जस्त, कॅडमियम शांत होतात; पण आर्सेनिक आणि मॉलिब्डेनम उलट मोकळे होऊ लागतात. स्फुरद दिले तर शिशाचे न विरघळणारे खनिज बनते, पण तेच स्फुरद आर्सेनिकला मातीच्या कणांवरून ढकलून पाण्यात सोडते. मॉलिब्डेनम गवतात आणि द्विदल वनस्पतींत साठते, आणि ते चरणाऱ्या गुरांच्या शरीरात तांब्याची कमतरता निर्माण करते. कॅनडातील ब्रिटिश कोलंबियामधील हायलँड व्हॅली तांबे खाणीच्या टेलिंग्जवर वाढलेल्या चाऱ्याबाबत हाच प्रश्न अभ्यासावा लागला. कुरण हिरवेगार असते आणि गुरे खंगतात. म्हणून "जड धातू मर्यादेत आहेत" असे एक ओळीचे प्रमाणपत्र मला पुरेसे वाटत नाही. कोणता धातू, कोणत्या सामूला, मुळांत किती आणि पानांत किती, हे विचारले पाहिजे.

पानांत धातू कमी हवेत, हा मुद्दा वनस्पती निवडताना वारंवार सुटतो. धातू शोषून घेणाऱ्या झाडांविषयी लेख बरेच येतात आणि ते वाचून आराखड्यांतही अशी झाडे शिरतात. लाखो टन टेलिंग्जमधला धातू झाडांनी उपसून काढायला किती पिढ्या लागतील याचा विचार कोणी करत नाही, आणि दरम्यान ती पाने किडे, पक्षी, जनावरे खात राहतात. टेलिंग्जवर हवी ती धातू मुळाशीच अडवणारी, सोसणारी झाडे. ब्रिटनमध्ये अँथनी ब्रॅडशॉ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जुन्या खाणींच्या ढिगांवर आपोआप तग धरलेली गवते हेरली आणि त्यांतूनच धातू सोसणारे वाण तयार केले. वेल्समधल्या गोगिनन आणि पॅरीस या खाणींची नावेच त्या वाणांना मिळाली. पेनसिल्व्हेनियात पामर्टन इथे जस्त वितळवण्याच्या कारखान्यांनी ब्लू माउंटनचा उतार उजाड केला होता. तिथे आधी सांडपाण्याचा गाळ, राख आणि चुना यांचे मिश्रण पसरले गेले आणि पुढे उष्ण हंगामातल्या देशी गवतांवर भर दिला गेला, कारण ती धातू फारसे वर चढवत नाहीत. तुमच्या आराखड्यातली झाडांची यादी रोपवाटिकेत काय शिल्लक आहे यावरून ठरते की त्या ढिगाच्या कडेला आपोआप काय उगवले आहे हे पाहून ठरते, एवढे एकदा विचारून पाहा.

आणखी एक गोष्ट, जी मी टाळू शकत नाही. हिरवळ म्हणजे सुरक्षितता नव्हे. ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो इथे २५ जानेवारी २०१९ रोजी टेलिंग्जचा जो बंधारा कोसळला, त्यात २०१६ पासून नवा गाळ सोडणे थांबलेले होते आणि त्याच्या उतारावर गवत वाढलेले होते. २७० माणसे मेली. कोसळण्याचे कारण आत होते: सैल, पाण्याने भरलेला गाळ, जो एका क्षणात द्रव झाला. गवताला त्याचा पत्ता असायचे कारण नव्हते. या घटनेनंतर ऑगस्ट २०२० मध्ये टेलिंग्ज व्यवस्थापनाचे जागतिक औद्योगिक मानक आले. बंधारा स्थिर आहे याचा वेगळा, स्वतंत्र दाखला असल्याशिवाय वरच्या लागवडीची फाईल उघडूच नये, असे माझे स्पष्ट म्हणणे आहे. वजनदार गाळाचे थर बंधाऱ्याजवळ चढवू नयेत. बंधाऱ्याच्या भिंतीवर मोठी झाडे लावू नयेत. ती मेल्यावर मुळांच्या पोकळीतून पाणी वाट काढते. भिंतीवर गवत, झाडे आत.

मग माझी मागणी काय? खाण चालू असतानाच सुरुवात व्हावी. टेलिंग्ज कशी आहेत हे पहिल्या वर्षापासून माहीत असते. जवळपासच्या कारखान्यांतून कोणता टाकाऊ पदार्थ किती निघतो, हे तुमच्याच दुसऱ्या टेबलावर नोंदलेले असते. या दोन नोंदी जुळवून, वाहतुकीला परवडेल एवढ्या अंतरातल्या पदार्थांची यादी खाणीकडून मागवा. आधी कुंड्यांमध्ये वेगवेगळी मिश्रणे तपासू द्या, त्यात काहीच न मिसळलेल्या टेलिंग्जची कुंडीही असू द्या. मग तलावाच्याच एका कोपऱ्यात छोटे पट्टे, खऱ्या उन्हापावसात, निदान ५ वर्षे. ५ वर्षे मी उगाच म्हणत नाही. पायराइट एका हंगामात संपत नाही. चुन्याच्या कणांवर लोहाचे लेप बसून त्याची ताकद घटते. सेंद्रिय गाळ कुजून अर्धा होतो. पहिल्या वर्षीचे गवत बहुतेक वेळा दिलेल्या खतावर उगवलेले असते आणि तेवढ्या वर्षाचाच फोटो अहवालात लागतो.

खाण नीट बंद करण्याची हमी म्हणून खाणवाल्यांकडून घेतलेली अनामत रक्कम परत करण्याची कसोटी यावरूनच ठरवा. पाणी देणे बंद, खत देणे बंद, नवा गाळ टाकणे बंद, आणि त्यानंतरही सलग काही वर्षे झाडोरा आपल्याच बियांपासून पुन्हा उगवतो का? पालापाचोळा साठून कुजतो का, की तसाच कोरडा पडून राहतो? मातीत नत्र फिरू लागले आहे का? खालच्या विहिरींतल्या पाण्यात काही उतरले का? यांची उत्तरे मिळेपर्यंत पैसे सोडू नका, मग खाणवाले कितीही घाई करोत.

टाकाऊ पदार्थ देणाऱ्या कारखान्यालाही मोकळे सोडू नका. गाडी फाटकाबाहेर गेली की जबाबदारी संपली, अशी आज बहुतेकांची समजूत असते. प्रत्येक खेपेचा नमुना, त्याची तपासणी आणि तो कोणत्या पट्ट्यात गेला याची नोंद दोघांच्या सहीने राहिली पाहिजे, म्हणजे १० वर्षांनी काही निघाले तर कोणाकडे पाहायचे हे शोधावे लागणार नाही. आणि या नोंदी जवळ राहणाऱ्या लोकांना मागितल्याशिवाय दिसल्या पाहिजेत. धूळ त्यांच्या घरात जाते, विहिरी त्यांच्या आहेत.

तुमच्यातल्या काहींना वाटेल, की एवढ्या अटी घातल्या तर कोणी हे काम करणारच नाही. त्यापेक्षा माती आणून पसरणे सोपे. माती आणण्याच्या परवानगीलाही अट घाला, मग तुलना खरी होईल: ज्या जमिनीवरून माती उचलणार, तिचे काय होणार, हेही त्याच आराखड्यात लिहून द्यावे लागेल. बाहेरची माती हा शेवटचा पर्याय, आणि तो का निवडला याचे लेखी कारण. एवढे एक कलम पुढच्या आराखड्यापासून लागू करता येईल. त्यासाठी नव्या संशोधनाची किंवा नव्या कायद्याची वाट पाहावी लागेल असे मला वाटत नाही. तुमच्या शेजारच्या टेबलावरची ती दुसरी फाईल मात्र मागवून घ्यावी लागेल.

आपला विश्वासू,
माती आणि वनस्पतींचा एक अभ्यासक